बाबांनी पाठवलेल्या 'कार्बन-६०' तेलाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, बाटलीचा फोटो पाहिला. ऑलिव्ह तेलात कार्बन-६०, रोज एक चमचा, रक्तवाहिन्या साफ! घेऊ नका. फुटबॉलसारखा हा साठ अणूंचा रेणू १९८५ साली सापडला, १९९६ चं नोबेलही मिळालं. पण ते शोधाला, तेलाला नव्हे. २०१२ मध्ये मूठभर उंदरांचं आयुष्य वाढल्याचं छापून आलं आणि विक्रेत्यांचं फावलं. २०२० मध्ये पुन्हा तपासलं तर आयुष्य वाढलं नाहीच, उलट उजेड लागला की हे तेल विषारी होतं असं दिसलं. आणि दुकानात बाटली कुठे असते? काचेच्या कपाटात, ट्यूबलाइटखाली.

आई, कार्बन हृदयाला चालतच नाही असं नाही. हृदयात बसवायच्या यांत्रिक झडपांच्या पाकळ्या कित्येक वर्षं पायरोलिटिक कार्बनच्या, म्हणजे खूप तापवून बनवलेल्या कठीण कार्बनच्या असतात. अगदी गुळगुळीत, झिजतही नाहीत. तरी त्यांच्यावर गुठळी धरते, म्हणून तर जन्मभर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीनची गोळी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआरची तपासणी.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्याच अतिसूक्ष्म नळ्या. हृदयासाठी त्यांचं काम अजून प्राण्यांवरच आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूवर जो वण राहतो त्यातून विजेचा संदेश जात नाही. ह्यूस्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मेंढ्यांच्या हृदयावर नॅनोट्यूबचा धागा शिवून तो संदेश पलीकडे नेला. २०२० मध्ये औषध भरलेल्या नळ्या उंदरांच्या पांढऱ्या पेशींनी गिळल्या आणि त्या पेशी धमनीत साचलेल्या चरबीच्या थरातला मेलेल्या पेशींचा कचरा खाऊ लागल्या. मला हा दुसरा प्रयोग जास्त आशेचा वाटतो.

गोम नळीच्या लांबीत आहे. लांब, ताठ नळी पांढऱ्या पेशीला पुरती गिळता येत नाही. घशात माशाचा काटा अडकावा तशी ती अडकते आणि दाह धुमसत राहतो. अॅस्बेस्टॉसचंही हेच होतं. अशा एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या यादीत घातलंय. शिवाय नळ्या बनवताना वापरलेलं लोखंड, निकेल त्यांत उरतं, आणि लेप नसलेल्या नळ्यांनी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटतात. म्हणजे नुसतं 'नॅनो' वाचून काहीच कळत नाही. लांबी किती, लेप कसला, धातू किती उरलाय, हे विचारायचं. त्या बाटलीवर यातलं काही लिहिलंय का?

तुमच्या धमन्यांपर्यंत रोज पोचणारा कार्बन म्हणजे आपल्या नाशिकच्या द्वारका चौकातली डिझेलची काजळी. कार्बन शरीरात शोधणं कठीण, म्हणून एडिनबरोत माणसांना सोन्याचे नॅनोकण हुंगायला दिले. ते दिवसभरात रक्तात उतरले, आणि मानेच्या धमनीतून काढलेल्या थरातही सापडले (२०१७). तेव्हा मुंबई नाक्याच्या कडेने फिरू नका, कृषीनगरच्या ट्रॅकवर जा. थंडीत धूर खाली साचतो, ऊन वर आल्यावरच निघा. रुमाल नको, एन-९५ लावा आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा. कडेने हवा आत आली तर मास्क असून नसल्यासारखा. आई, धूप लावलास की देवघराची खिडकी उघड.

बाबा, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र चालू ठेवा. बाटली आणलीच असेल तर सील न फोडता परत करा.

तुमची लेक