कुकर, बंद काउंटर आणि माझे 120 शेअर : एका किरकोळ विक्री कंपनीला लिहिलेले तक्रार पत्र

(कंपनीचे नाव या प्रतीतून गाळले आहे.)

दिनांक : 8 सप्टेंबर 2025
मुलुंड (पूर्व), मुंबई

प्रति,
मा. कंपनी सचिव,
नोंदणीकृत कार्यालय, मुंबई

प्रत : प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या मुलुंड येथील दालनात 23 ऑगस्ट 2025 रोजी आकारलेली जादा किंमत, सदोष कुकरचे पैसे परत देण्यास मिळालेला नकार आणि दालनांतील सेवेबाबत एका भागधारकाचे प्रश्न.

महोदय,

कुकरची तक्रार कंपनी सचिवांकडे पाठवणे आपणास विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. ग्राहक सेवा विभागाला मी यापूर्वी दोनदा लिहिले असून दोन्ही वेळा ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ एवढाच मजकूर आपोआप आला. शिवाय मी आपल्या कंपनीची ग्राहक आहे तशीच गेली दोन वर्षे 120 समभागांची भागधारकही आहे, आणि जे सांगायचे आहे ते या दोन्ही नात्यांनी सांगायचे असल्यामुळे एकच पत्र दोघांना लिहीत आहे.

प्रथम घडलेला प्रकार. गणेश चतुर्थीपूर्वीच्या शनिवारी, 23 ऑगस्टला, सायंकाळी सहाच्या सुमारास मी मुलुंडच्या दालनातून पाच लिटरचा कुकर घेतला. खोक्यावर छापील कमाल किंमत 2,450 रुपये होती आणि मांडणीवरील पट्टीवर सवलतीची किंमत 1,799 रुपये. एकूण चौदा काउंटर असून त्यांपैकी पाच सुरू होते, त्यामुळे माझा क्रमांक येण्यास 47 मिनिटे लागली. बिलात कुकरची किंमत 2,149 रुपये लागली. हे दाखवल्यावर काउंटरवरील मुलीने शांतपणे ‘सिस्टीममध्ये हेच येतंय’ असे सांगितले. बिलातील एखादी ओळ बदलायची तर सुपरवायझरचे कार्ड लागते आणि त्या वेळी सर्व काउंटर मिळून एकच सुपरवायझर होता. तिने डोक्यावरचा दिवा लावला, तो दहा मिनिटे लुकलुकत राहिला आणि माझ्यामागील रांगेतील लोक कंपनीवर चिडण्याऐवजी माझ्यावर चिडू लागले. तिच्या गळ्यातील ओळखपत्रावर ‘प्रशिक्षणार्थी’ असे लिहिलेले होते, बसायला स्टूल नव्हते, आणि तिच्याविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही हे मी मुद्दाम नोंदवते.

सुपरवायझर आल्यावर आम्ही दोघे मांडणीपाशी गेलो. 1,799 च्या पट्टीचा कोपरा सुटलेला होता. तो उचलला तर खाली 1,949 ची पट्टी निघाली, आणि तिच्याही खाली 2,149 ची. म्हणजे दालनातल्या कोणीतरी दोन वेळा सवलतीच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, परंतु संगणक अजून सर्वांत खालच्या पट्टीवरच विश्वास ठेवून होता. हे डोळ्यांनी पाहूनही सुपरवायझरने ‘ऑफर कालच संपली, पट्टी काढायची राहिली’ असे सांगितले. ऑफर काल संपली असेल तर आज त्या पट्टीकडे पाहून ट्रॉलीत माल टाकणाऱ्या प्रत्येक माणसाची दिशाभूल होत होती, आणि किमतीबाबत ग्राहकाची दिशाभूल करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरी पाहुणे यायचे होते. मी पैसे भरून निघाले. निघण्यापूर्वी मोबाइल क्रमांकही द्यावा लागला, कारण ‘नंबराशिवाय बिल निघत नाही’. विक्रेत्यांनी ग्राहकांकडे मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्येच दिलेली आहे.

दुसऱ्या दिवशी कुकर उघडला तेव्हा झाकणाच्या मुठीच्या स्क्रूचे आटे गेलेले दिसले. मूठ हातात फिरत होती. सोमवारी, 25 तारखेला, तो न वापरलेला कुकर बिलासह परत नेला. ‘पैसे परत मिळत नाहीत, क्रेडिट नोट मिळेल, मुदत 90 दिवस’ असे उत्तर मिळाले, आणि क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्या रकमेची खरेदी पुन्हा तिथेच करण्याची चिठ्ठी, हाती ठेवण्यात आली. आपल्याच बिलाच्या मागे सदोष वस्तू 15 दिवसांत परत घेतल्या जातील असे छापलेले आहे. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. आमच्या गल्लीतल्या वाण्याला हे कलम ठाऊक असण्याची शक्यता नाही, पण तो ‘ताई, ठेवून जा, उद्या दुसरं देतो’ असे म्हणतो आणि खरोखरच देतो.

येथवरची तक्रार 2,149 रुपयांची आहे. यापुढची त्याहून मोठी आहे.

आमच्या सोसायटीत आम्हा सात जणींची भिशी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिच्या पैशांतून सोन्याऐवजी शेअर घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकीचे डिमॅट खाते स्वतंत्र, पण चर्चा एकत्र. आमच्यापैकी कोणीही बाजाराची तज्ज्ञ नाही. मात्र किराणा, कपडे आणि भांडी विकणाऱ्या कंपनीबद्दल आम्हाला जे दिसते ते दलाल स्ट्रीटवरच्या विश्लेषकाला त्याच्या खुर्चीत बसून दिसत नाही, कारण आम्ही त्या कंपनीत दर आठवड्याला पिशवी घेऊन जातो. अमेरिकेत 1977 ते 1990 या काळात मॅगेलन हा म्युच्युअल फंड सांभाळणारे पीटर लिंच हेच सांगत आले, आणि त्याचबरोबर दुकान आवडले म्हणून शेअर घेऊ नका, तिथून अभ्यासाला सुरुवात करा, असेही बजावत आले. आम्ही दोन्ही ऐकले. एक दोनशे पानी वही केली. आपल्या कंपनीचे शेअर घेण्यापूर्वी त्या वहीत आपल्या दालनांची नोंद होती आणि ती चांगली होती, म्हणूनच मी शेअर घेतले.

एका शनिवारच्या गर्दीवरून कंपनीची पारख करणे अन्यायाचे होईल, हे मला मान्य आहे. म्हणून 25 ऑगस्टनंतर आम्ही वाटून घेऊन मुलुंड, घाटकोपर आणि कांदिवली या तिन्ही दालनांत वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी गेलो. घाटकोपरला बुधवारी सकाळी अकरा वाजता पाच काउंटरांपैकी दोन सुरू होते आणि नऊ ट्रॉल्या थांबलेल्या होत्या. तिथे मी तूरडाळीच्या पाकिटावरची पुसट झालेली पॅकिंगची तारीख वाचून दाखवण्याची विनंती केली तेव्हा गणवेशातली एक बाई ओशाळून म्हणाली, ‘मी फक्त शाम्पूची आहे.’ पुढच्या दोघीही अनुक्रमे चहाच्या आणि फिनेलच्या निघाल्या. दालनात माणसे दिसत होती, पण ती आपली नव्हती. माल बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या मालापाशी उभे केलेले प्रमोटर होते. (मराठीत कंपनीच्या मालकालाही प्रमोटर म्हणतात आणि आठ तास शाम्पूशेजारी उभ्या राहणाऱ्या या बाईलाही.) त्यांचा पगार आपल्या खर्चात दिसत नाही, त्यामुळे आपला कर्मचारी खर्च कमी दिसतो, आणि डाळीची तारीख सांगायला मात्र कोणी उरत नाही.

कांदिवलीचा अनुभव उलट होता. तिथे शाखा व्यवस्थापक स्वतः काउंटरशेजारी उभे राहून पिशव्या भरून देत होते. एका आजोबांच्या बिलातील चूक त्यांनी मिनिटभरात दुरुस्त केली. आमच्यातील दोघींना त्यामुळे हायसे वाटले, मला वाटले नाही. एकच कंपनी, एकच संगणक, एकच नियम, आणि तरीही सेवा जर शाखा व्यवस्थापकाच्या स्वभावावर अवलंबून असेल, तर ती त्या गृहस्थांची आहे, कंपनीची नाही. उद्या त्यांची बदली झाली किंवा त्यांनी नोकरी सोडली की कांदिवलीचेही मुलुंड होईल.

सेवा म्हणजे गोड बोलणे आणि पाण्याचा ग्लास, असे मी मानत नाही, हेही स्पष्ट करते. डी-मार्टचे पहिले दुकान 2002 मध्ये पवईत निघाले, तेव्हापासून तिथे जाणाऱ्याला स्वस्त मालाचे आश्वासन असते आणि तो त्याच अपेक्षेने जातो. मार्च 2017 मध्ये 299 रुपयांना दिलेला त्या कंपनीचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीहून अधिक भावाने उघडला, तो काही दुकानातील सोफे पाहून नव्हे. दिलेले आश्वासन पाळले जाते की नाही, एवढेच पाहायचे असते. आपण मात्र जाहिरातींत ‘निवांत खरेदी’चे आश्वासन देता आणि काही वस्तूंना त्यासाठी चार पैसे अधिकही घेता. ते चार पैसे कशाचे, हा प्रश्न 47 मिनिटे उभ्या राहिलेल्या बाईला पडणारच.

आता आकड्यांकडे येते. आपल्या गेल्या दोन वार्षिक अहवालांत विक्रीच्या प्रमाणात कर्मचारी खर्च घटला आहे आणि कामकाजातील नफ्याचे प्रमाण वाढले आहे. आपल्या व्यवस्थापनाने याला ‘कार्यक्षमतेतील सुधारणा’ म्हटले आहे. मला भीती वाटते ती नेमकी याच सुधारणेची. माणसे कमी केली की खर्च त्याच तिमाहीत कमी दिसतो, पण ग्राहक त्याच तिमाहीत जात नाही. तो आधी महिन्याच्या किराण्यातील चार वस्तू दुसरीकडून आणू लागतो, मग सणाची खरेदी दुसरीकडे करतो आणि शेवटी येणेच थांबवतो. हे होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते, आणि त्या काळात कंपनी नवी दालने उघडत असेल तर त्यांच्या विक्रीमुळे एकूण आकडा वाढतच राहतो व जुन्या दालनांची गळती झाकली जाते. अमेरिकेतील सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या साखळीने मार्च 2007 मध्ये जास्त पगार घेणारे सुमारे 3,400 विक्री कर्मचारी एकदम काढून टाकले, म्हणजे ज्यांना माल समजावून सांगता येत होता त्यांनाच घरी पाठवले. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मार्च 2009 पर्यंत सर्व दुकाने बंद झाली. मंदी होती, स्पर्धाही होती, सगळे खापर एका निर्णयावर फोडता येणार नाही. परंतु दुकानात गेलेल्या माणसाला ताळेबंदाच्या आधी काहीतरी दिसले असणार, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

म्हणून भागधारक या नात्याने पुढील माहिती मागते. गेल्या आठ तिमाहींत जी दालने दोन वर्षांहून जुनी आहेत, केवळ त्यांच्या विक्रीत किती वाढ वा घट झाली, हे आपण वेगळे का दाखवत नाही? दालनांत उभ्या असलेल्या माणसांपैकी कंपनीच्या पगारावरील किती आणि इतर कंपन्यांचे प्रमोटर किती? शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना 2022-23 पासून जो व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला, त्यात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण आणि ग्राहकांच्या तक्रारींची संख्या द्यावी लागते. आपल्या अहवालात अनुचित व्यापारी प्रथांच्या रकान्यात शून्य आहे. माझ्या दोन तक्रारी पुढील वर्षी कोणत्या रकान्यात जातील आणि अशा किती तक्रारी ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ या उत्तरानंतर कुठल्याच रकान्यात जात नाहीत, हे मला कळावे. सभेची सूचना मिळाली असून या महिनाअखेरीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलण्यासाठी मी वक्ता भागधारक म्हणून नोंदणी केली आहे. हेच प्रश्न तिथे विचारीन.

ग्राहक म्हणून माझी मागणी छोटी आहे. कुकरचे 2,149 रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत, माझा मोबाइल क्रमांक आपल्या नोंदींतून काढून टाकावा, आणि मुलुंड दालनातील सर्व किंमतपट्ट्या संगणकातील किमतींशी ताडून पाहून त्याचा लेखी अहवाल मला पाठवावा. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत यांपैकी काही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी असलेले सेबीचे स्कोर्स हे संकेतस्थळ कुकरच्या तक्रारीसाठी नाही, एवढे मला ठाऊक आहे.

आमच्या भिशीची पुढची बैठक 5 ऑक्टोबरला, रविवारी, आहे. आपले आणखी शेअर घ्यायचे, आहेत ते ठेवायचे की विकायचे, हा विषय त्या दिवशी वहीत लिहून ठेवलेला आहे, आणि तोवर आपले उत्तर आले तर ते सातही जणींना वाचून दाखवीन.

बिलाची आणि तीनही पट्ट्यांच्या छायाचित्राची प्रत सोबत जोडली आहे. क्रेडिट नोटची मूळ प्रत माझ्याजवळ आहे. रक्कम खात्यात जमा झाली की मी ती मुलुंडच्या दालनात आणून देईन आणि तिची पोच घेईन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक व भागधारक
मुलुंड (पूर्व), मुंबई