मुले भाषणात अडतात ती पाठांतरामुळे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलैचा दुसरा आठवडा लागला की शाळाशाळांतून १ ऑगस्टच्या भाषणांची तयारी सुरू होते. लोकमान्य टिळक गेले त्याच दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. त्यामुळे पुण्यतिथी आणि जयंती एकाच कार्यक्रमात होतात. बाई किंवा सर दोन पाने भाषण लिहून देतात, घरी आई ते घोकून घेते आणि माइकसमोर तिसऱ्या मिनिटाला मूल अडते. मग सगळे म्हणतात, पाठांतर कमी पडले. वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण करणारे आम्ही काही शिक्षक उलट सांगू इच्छितो. मूल बहुतेक वेळा पाठांतरामुळेच अडते.

अडलेल्या मुलाकडे नीट पाहिले तर काय घडते ते दिसते. डोळे छताकडे जातात, बोटे शर्टाचे टोक पिळू लागतात आणि ओठ आवाज न करता मागचेच वाक्य पुन्हा म्हणत असतात. ते मूल पुढचा विचार शोधत नसते, पुढचा शब्द शोधत असते. शब्दशः पाठ केलेले गद्य म्हणजे एका शब्दाने दुसऱ्याला ओढत नेणारी साखळी. ‘तथापि’च्या जागी तोंडून ‘पण’ निघाले की पुढची कडी हाताला लागत नाही. मूल वाक्याच्या सुरुवातीला परत जाते, पुन्हा धाव घेते आणि पुन्हा त्याच जागी थांबते. अशा वेळी विंगेतून बाईंनी वाक्य सांगितले तर गोंधळ वाढतोच, कारण कानावर पडणारे शब्द आणि मनात घोळणारे शब्द एकमेकांवर आदळतात.

दुसरा घोटाळा खास १ ऑगस्टचा. ‘यांचा जन्म अमुक रोजी, अमुक गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव…’ हा साचा दोन्ही भाषणांत एकच असतो. दोन्ही पाठ असलेले मूल टिळकांच्या रत्नागिरीहून निघते, ‘त्यांच्या वडिलांचे नाव’ या शब्दांशी रुळांचा सांधा बदलतो आणि ते थेट अण्णा भाऊंच्या वाटेगावात पोहोचते. मूल विसरले असे कसे म्हणायचे? त्याला दोन्ही येत होते, आपणच दोन्ही सारखे लिहून दिले.

पाठांतराला आमचा विरोध नाही. तेच मूल पसायदानाच्या नऊ ओव्या न अडखळता म्हणते. ओवीला लय असते, पहिल्या तीन चरणांना यमक असते. एखादा शब्द निसटला तर यमक त्याला ओढून आणते. गद्याला असा आधार नाही. ज्यांना एक अक्षर, एक स्वरही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नव्हता त्या वेदपाठकांनीसुद्धा नुसत्या सरळ घोकंपट्टीवर भिस्त ठेवली नाही. क्रमपाठात पहिले-दुसरे पद (म्हणजे शब्द), मग दुसरे-तिसरे, मग तिसरे-चौथे अशा जोड्या म्हणतात. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा. सगळी मेहनत जोडावर, कारण तुटते ते जोडावर. एवढी वर्षानुवर्षांची तालीम न देता चौथीतल्या मुलाकडून दोन पानी गद्य आठवड्याभरात शब्दशः मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

उलट गावोगावच्या हरिनाम सप्ताहात रात्री ९ ते ११ कीर्तनकार कागदाशिवाय उभे असतात. दोन तासांचे शब्द त्यांनी पाठ केलेले नसतात. निरूपणासाठी घेतलेला अभंग पाठ असतो, मध्ये दाखला म्हणून द्यायची संतवचने पाठ असतात. निरूपण मात्र विचारातून उमलत जाते. अभंगाचे एकेक चरण हा एकेक मुक्काम. चरण सोडवून झाले की ध्रुवपदावर, म्हणजे अभंगाच्या पालुपदावर, यायचे. टाळकरी ते उचलून धरतात, पखवाज घुमतो आणि तेवढ्या अवधीत पुढचे चरण मनात उभे राहते. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात मूळपद आणि त्याचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, उत्तररंगात आख्यान. बोलणाऱ्याला आठवत राहावे याची सोय रचनेतच केलेली आहे. मराठी मुलखात ही विद्या शतकानुशतके डोळ्यांसमोर असताना शाळेत आपण मुलाच्या हाती दोन पाने देऊन मोकळे होतो, याचे वाईट वाटते.

हीच रचना पाच मिनिटांच्या भाषणात आणता येते. टिळकांचेच भाषण घ्या. चार गावे पक्की करा: रत्नागिरी, पुणे, मंडाले, मुंबई. रत्नागिरीत २३ जुलै १८५६ चा जन्म. पुण्यात १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ चा ‘केसरी’. मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ आणि तिथे पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’. मुंबईत सरदारगृह, जिथे १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले. मुलाला नकाशावर बोट फिरवत हा प्रवास दोनदा सांगू द्या. गावांचा क्रम सहसा चुकत नाही, कारण प्रत्येक गावाला चित्र असते. प्रत्येक मुक्कामी एक प्रसंग आणि फार तर दोन साले, त्याहून जास्त ओझे नको. अण्णा भाऊंच्या भाषणाची वाट वेगळी आखा: वाटेगाव, मुंबईच्या गिरण्या, लाल बावटा कलापथक, रशियाचा प्रवास. एक भाषण जन्मापासून सुरू होत असेल तर दुसरे कलापथकाच्या डफापासून सुरू करा. मग रुळांचा सांधा उरतच नाही.

शब्दशः पाठ काय करायचे? पहिली दोन वाक्ये, शेवटची दोन वाक्ये आणि अवतरण असेल तर ते. एवढेच. पहिली वाक्ये अशासाठी, की छातीची धडधड तेव्हा सर्वांत जास्त असते. आणि एक नेमकी जागा सांभाळा. ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ हे झोपेतही म्हणता येते. त्यानंतरचे पहिले वाक्य मात्र निसटते. म्हणून सरावात ‘बालमित्रांनो’ आणि पुढच्या वाक्याचे पहिले तीन शब्द एकत्र जोडून दहा वेळा म्हणून घ्या. लांब अवतरण असेल तर शेवटच्या ओळीपासून पाठ करायला लावा: आधी शेवटची, मग शेवटच्या दोन, मग तीन. म्हणताना मूल कमी सरावाकडून जास्त सरावाकडे जाते आणि जसजसे पुढे जाते तसतसे पाय घट्ट रोवले जातात.

सरावाची रीतही वेगळी लागते. पहिल्या दिवशी माहिती मुलाबरोबर वाचा, कागद उलटा ठेवा आणि म्हणा, ‘आता तुझ्या शब्दांत मला सांग.’ अर्धवट सांगेल, चालेल. सांगून झाल्यावरच कागद पाहायचा, मध्ये नाही. आठवण्याचा प्रयत्न हाच खरा सराव, पुन्हा पुन्हा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा उतारा पुन्हा वाचलेले विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा न बघता आठवून लिहिलेले पुढे गेले. घोकणाऱ्या घरात रात्री ‘आले की गं!’ असे वाटते आणि कार्यक्रमात काहीच येत नाही, त्याचे कारण इथे आहे. पहिल्या दिवसानंतर दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी दहा-दहा मिनिटे पुरतात.

सराव उभ्याने आणि जागा बदलून घ्या: स्वयंपाकघरात, गच्चीवर, मैदानात. आरशासमोर नको, सगळे लक्ष चेहऱ्याकडे जाते. रोज सुरुवातीपासून सांगायला लावू नका. कधी ‘मंडालेपासून सांग’, कधी ‘पुण्यातून निघ’. मध्येच घंटा वाजवा. स्पर्धेत इशाऱ्याची घंटा पहिल्यांदाच कानावर पडली तर साखळी तिथेच तुटते. शक्य असेल तर आदल्या दिवशी माइकवर चार वाक्ये बोलू द्या. मोकळ्या पटांगणात कर्ण्यातून आपलाच आवाज क्षणभर उशिरा परत येतो आणि जीभ अडखळते. उपाय एकच, हळू बोलणे. पाच मिनिटांत स्पष्ट बोलणाऱ्या मुलाचे साधारण साडेचारशे-पाचशे शब्द होतात. सातशे शब्द लिहून दिले तर मूल धावते आणि पुढचा मुद्दा आठवायला लागणारा श्वासही त्याला मिळत नाही.

आता हातातल्या टिपणाविषयी. पूर्ण पानाचा पातळ कागद हात थरथरला की दुप्पट थरथरतो आणि माइकवर त्याची फडफड ऐकू येते. त्यापेक्षा लग्नपत्रिकेची कोरी बाजू पोस्टकार्डाएवढी कापून घ्या. चार शब्द, एकाखाली एक, अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत. शेजारी साले आणि अवतरणाचे पहिले तीन शब्द. पूर्ण वाक्य एकही नको. वाक्य दिसले की मूल वाचायला लागते आणि जागा चुकते. अक्षर मुलाचेच हवे.

तरीही अडले तर काय करायचे, हेही आधीच शिकवायला हवे. थांबायचे आणि सावकाश श्वास सोडायचा. तीन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला साधा विराम वाटतो. मग नुकताच सांगितलेला मुद्दा वेगळ्या शब्दांत एकदा सांगायचा. कीर्तनकार ध्रुवपदावर येतो तसेच हे. तेवढ्यात पुढचे गाव आठवते. नाहीच आठवले तर कार्ड पाहायचे किंवा ते गाव सोडून पुढे जायचे. सुटलेला भाग श्रोत्यांना ठाऊक नसतो, त्यामुळे मागे वळायचे नाही, ‘सॉरी’ म्हणायचे नाही. बाईंनी सांगायचेच असेल तर वाक्य नको, पुढच्या मुक्कामाचा एक शब्द सांगावा: ‘मंडाले’.

मोठ्यांच्या कार्यक्रमातली एक गोष्टही इथेच सांगतो. आभार मानणाऱ्याने नावे पाठ करू नयेत, खुशाल वाचावीत. दहा-बारा नावांच्या यादीत एकमेकांना धरून ठेवणारे काहीच नसते आणि मांडव घालणाऱ्याचे नाव राहिले तर तो माणूस मनापासून दुखावतो. नावांचे उच्चार आधी विचारून घ्यावेत.

आमची विनंती शाळांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आहे. काही गुणपत्रिकांत ‘पाठांतर’ असा स्वतंत्र रकाना असतो, कागद पाहिला तर गुण कापतात. या रकान्यापायीच शिक्षक भाषण लिहून देतात आणि पालक घोकून घेतात. तो काढून तिथे ‘स्वतःच्या शब्दांत मांडणी’ असा रकाना घालावा आणि परीक्षकांनी भाषणानंतर मुलाला एक साधा प्रश्न विचारावा, म्हणजे भाषण कोणी रचले ते कळते. यंदाच्या १ ऑगस्टच्या सूचनापत्रकात एवढे छापले तरी पुरे: ‘हातात पोस्टकार्डाएवढे टिपण चालेल. ते पाहिल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत.’

आपले नम्र,
वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण करणारे काही शिक्षक, सांगली जिल्हा