बेलच्या आजींना

आजी,

नमस्कार. पत्र मराठीत आहे, पण तुमची नात तुम्हाला ते समजावून सांगणार आहे. तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी राष्ट्राची पहिली स्त्री प्रमुख विल्मा मॅनकिलर, तिच्यावर दिवाळी अंकात लिहायचं ठरवलं, तेव्हा मदत मागितली त्यांतल्या एका प्राध्यापकांनी पुस्तकांची यादी पाठवून हात झटकले. एक बाई 'कळवते' म्हणाल्या, त्या अजून कळवतायत. इथल्याच एका मराठी काकांनी तर हसून विचारलं, "त्यांच्यात कसली आलीये बाई चीफ?" काकांना कोण सांगणार, की चेरोकींमध्ये कूळ आईकडून चालतं आणि नॅन्येहीसारख्या बायका अठराव्या शतकात गोऱ्यांशी तहाच्या बोलण्यांत बसत होत्या!

तुम्ही मात्र, ओळख ना पाळख, दार उघडलंत आणि म्हणालात, "आधी पाणी पी, मग विचार." नळ सोडून पेला भरून हातात दिलात. पाहुण्याला आधी पाणी, हे मला माझ्या आजोळचंच वाटलं. पण हा नळ साधा नव्हता. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला विल्मा आणि तिचा सहकारी चार्ली सोप ओक्लाहोमातल्या तुमच्या या बेल गावात सभा घेत फिरले आणि सुमारे 26 किलोमीटरची पाइपलाइन गावकऱ्यांनीच टाकली. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला एक तुकडा. ही माणसं फुकट राबतील यावर बाहेरच्यांचा विश्वास नव्हता. तुमचा तुकडा तुम्ही खिडकीतून दाखवलात, त्या ओकपासून कुंपणापर्यंत. "दगड फार होते," एवढंच म्हणालात. गोरेगावच्या पाणीवाल्या बाईंची, मृणाल गोरेंची गोष्ट तुम्हाला तेव्हाच सांगायला हवी होती, राहून गेली.

1983मध्ये विल्मा उपप्रमुखपदाला उभी राहिली तेव्हा तिच्या गाडीचे टायर फाडले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. 1985मध्ये ती प्रिन्सिपल चीफ, म्हणजे राष्ट्राची प्रमुख झाली. 1991मध्ये 80 टक्क्यांहून जास्त मतं! मी विचारलं, इतकी कशी? तुम्ही नळाकडे पाहून खांदे उडवलेत. एवढं नेमकं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

परक्या बाईला स्वयंपाकघरात बसवून घ्यायला पदवी लागत नाही, खुर्ची लागत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही होतं, त्यांना दोन ओळींचं उत्तर जमलं नाही. असो, रागही आता निवळलाय.

तुम्ही सांगितलंत तसं तुमचं नाव छापलेलं नाही. अंक आला की नातीच्या पत्त्यावर पाठवते.

तुमची,
टल्साची मराठी मुलगी