ब्यूलीला जाण्याआधी

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

शनिवारी इंग्लंडमधल्या ब्यूलीला मोटारींचं म्युझियम बघायला चाललीस ना? स्पेलिंग बघून ‘ब्यूलिऊ’ म्हणू नकोस, तिथले लोक ब्यूलीच म्हणतात. म्युझियमकडे धावण्याआधी पॅलेस हाउस बघ. 1204 मध्ये राजा जॉनने सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना मठ बांधायला जागा दिली, त्या मठाची ही देवडी. 1538 मध्ये मठ मोडला आणि जागा थॉमस रायथस्लीकडे गेली. पुढे सोयरिकीने ती माँटेग्यूंच्या घराण्यात आली.

1951 मध्ये एडवर्ड माँटेग्यूच्या हाती कारभार आला तेव्हा वय 25, आणि एवढ्या मोठ्या वाड्याचा खर्च अंगावर. पुढच्याच वर्षी त्याने वाडा लोकांना खुला केला आणि वडिलांची आठवण म्हणून पुढच्या दालनात पाच जुन्या गाड्या मांडल्या. गर्दी वाढली, गाड्या आवारातल्या लाकडी शेडमध्ये गेल्या, आणि 1972 मध्ये म्युझियमची आजची इमारत उघडली. वाडा गाड्यांनी तारला, असं माझं मत.

त्याचे वडील जॉन यांची 1899 ची चार सिलिंडरची डेमलर नीट बघ. संसदेच्या आवारात शिरलेली ही पहिली मोटार. पोलिसाने अडवली होती, सभापतींकडे दाद मागावी लागली. गाडीच्या कडेने मागच्या चाकांकडे जाणाऱ्या चेन बघायला विसरू नकोस. उघड्या असल्याने त्या धूळ खातात आणि झिजून लांबतात. सैल ठेवल्या तर दात सोडतात, फार ताणल्या तर बेअरिंग जातं.

त्या काळच्या डेमलरना बहुधा स्पार्क प्लग नसत. सिलिंडरमागे एक याप्रमाणे प्लॅटिनमच्या नळ्या, बाहेरून बर्नर. बर्नर पेटवायचे, नळ्या लाल होईपर्यंत थांबायचं, मग हँडल मारायचं. पेट्रोल-हवेचं दाबलेलं मिश्रण तापलेल्या नळीत शिरलं की पेट घेतं. वाऱ्याने एखादा बर्नर विझला की तो सिलिंडर गप्प. मिश्रण वेळेआधी पेटलं तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कुठे जुनी गाडी हँडल मारून दाखवत असतील तर त्या माणसाचा अंगठा बघ, गाडी ओळखणारा आहे की नाही ते लगेच कळेल.

हेच जॉन खासदार असताना 1903 चा मोटार कायदा रेटत होते. 1 जानेवारी 1904 पासून गाडीला नंबर आला, नोंदणीचे 20 शिलिंग, लायसन्सचे 5. चालवता येतं का, हे मात्र कुणी विचारत नसे! वेगाची मर्यादा ताशी 14 मैलांवरून 20 वर गेली.

एक धागा आपल्याकडचाही आहे. पहिल्या महायुद्धात जॉन हिंदुस्थान सरकारचे मोटार वाहतुकीचे सल्लागार होते. मुंबईकडे निघालेली त्यांची ‘पर्शिया’ बोट 30 डिसेंबर 1915 ला क्रीटजवळ टॉर्पेडोने काही मिनिटांत बुडाली. ते वाचले, पण त्यांच्या सचिव एलेनॉर थॉर्नटन गेल्या. रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरची ती पंखवाली बाई त्यांच्यावरूनच घडवली, असं मानतात.

थॉर्नटन यांच्या नावाची पाटी ब्यूली गावच्या चर्चमध्ये आहे. चर्च म्हणजे साधूंची जुनी भोजनशाळा. म्हणून ते नेहमीच्या चर्चसारखं पूर्व-पश्चिम नसून उत्तर-दक्षिण आहे, आणि जेवताना पोथी वाचायचा दगडी सज्जा भिंतीत अजून तसाच आहे. जिना भिंतीच्या आतून चढतो, तो शोध.

— बाबा