स्कोपमधली फुली आणि बारावीची पिन

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले टार्गेटच्या कागदांचे फोटो मी काल रात्री मोठे करून पाहिले. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, वारा नाही, गोळ्या एकाच डब्यातल्या, आणि तरीही 50 मीटरवर छिद्रे कधी डावीकडे तर कधी वर गेलेली. तू मात्र सगळा दोष ट्रिगरवरच्या बोटाला देऊन मोकळी झालीस. बोटाचा दोष असेलही. परंतु क्लबच्या रायफलीवरच्या त्या जुन्या स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, अंतर जुळवण्याची कडीही नाही आणि गुंडीही नाही, असे तू लिहिले आहेस, त्यामुळे माझा पहिला संशय पॅरॅलॅक्सवर, म्हणजे पराशयावर, आहे: डोळा हलला की वेगवेगळ्या अंतरांवरच्या दोन वस्तू एकमेकींपासून सरकल्यासारख्या दिसतात, तो हा दोष.

बारावीचे प्रॅक्टिकल आठव. अंतर्गोल आरशासमोर पिन उभी करून तिच्या उलट्या प्रतिमेच्या टोकाला टोक भिडवायचे, मग डोके डावी-उजवीकडे हलवून दोन्ही टोके एकमेकांपासून सुटतात का ते पाहायचे; सुटली, तर पिन आणि प्रतिमा एका जागी नाहीत. इतकी वर्षे मी हे मुलांकडून करून घेतले, आणि बहुतेकांनी (तूही त्यांतलीच) डोके न हलवताच वहीत आकडे भरले.

स्कोपमध्येही हेच घडते. पुढचे भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करते, आणि नेम धरायच्या फुलीची काच मात्र आपल्या ठरलेल्या जागी बसवलेली असते. लक्ष्याचे अंतर बदलले की प्रतिमा पुढे-मागे सरकते, फुली सरकत नाही. मग डोळा मधोमध नसला, तर रायफल तसूभरही न हलता फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसते, आणि तू ती पुन्हा केंद्रावर आणण्यासाठी रायफलच वळवतेस.

मोठ्या रायफलींचे स्थिर, म्हणजे अंतर जुळवता न येणारे, स्कोप बहुधा 100 यार्डांसाठी, म्हणजे सुमारे 91 मीटरसाठी, जुळवलेले असतात, तर पॉइंट टू-टू या लहान गोळीच्या रायफलीसाठी केलेले साधारणपणे 50 यार्डांसाठी. तुमचा स्कोप पहिल्या जातीचा आहे असे धरू. वाईटात वाईट चूक काढायची, तर पुढच्या भिंगाच्या त्रिज्येला दोन अंतरांतील फरकाने गुणून जुळवलेल्या अंतराने भागायचे. भिंग 40 मिलिमीटरचे असेल, तर 20 गुणिले 41 भागिले 91, म्हणजे जवळजवळ 9 मिलिमीटर, आणि तेही कोणत्याही बाजूला. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर असतो, हे तुला मी सांगायला नको.

तेव्हा आधी तपासणी कर. रिकामी रायफल पिशव्यांवर घट्ट बसव, तिला हात न लावता डोळा वर-खाली, डावी-उजवीकडे थोडा हलव, आणि फुली टार्गेटवर फिरते का ते पाहा. ज्या स्कोपला बाजूची गुंडी असते, त्यात फुली स्थिर होईपर्यंत ती फिरवायची. गुंडीवरच्या आकड्यांवर किंवा चित्राच्या स्पष्टतेवर विसंबू नकोस, कारण आपला डोळा थोडाफार धूसरपणा स्वतःच सावरून घेतो. त्याआधी डोळ्याकडची कडी फिरवून कोऱ्या भिंतीसमोर फुली ठळक करून घ्यावी लागते. एका वेळी क्षणभरच पाहायचे, नाहीतर डोळा जुळवून घेतो आणि आपण फसतो.

तुमच्या स्कोपला गुंडी नसल्याने उपाय गालाचाच. गाल दर वेळी बटवर, म्हणजे रायफलच्या मागच्या दस्त्यावर, त्याच जागी टेकव, आणि डोळा किंचित मागे घेऊन कडेची काळी सावली चारही बाजूंनी सारखी दिसते का ते पाहा. बट गालाला ठेंगणा पडत असेल, तर त्यावर फोमची पट्टी बांध. 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्या प्रकारात स्कोप चालतच नाही. तिथे मागच्या बारीक छिद्रातून पुढचे कडे मधोमध पाहायचे असते, म्हणजे डोळ्याला शिस्त ते छिद्रच लावते. तुला ती गालाने लावावी लागेल.

पुढच्या रविवारी पाच गोळ्या आताच्या सवयीने आणि पाच सावली पाहून मार, आणि दोन्ही कागद वेगळे ठेव. फोटो नकोत, दिवाळीला येशील तेव्हा कागदच घेऊन ये, फूटपट्टी माझ्याकडे आहे.

तुझी,
आई