कष्टाच्या अंगाला लोणी पचतं का? आबांना पत्र

जोएन्सू, फिनलंड
१४ नोव्हेंबर

ती. आबांना आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

दादाने आबांच्या रक्ताच्या रिपोर्टचे फोटो पाठवले, पण एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, आकड्यावर नेमका त्याचा अंगठा आला होता. दुसऱ्यांदा मागून घेतले. व्हॉट्सअॅपवर उत्तर दिलं तर तो स्वतःच्या सोयीचं तेवढंच वाचून दाखवतो, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

आबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्याला, उसाला पाणी पाजणाऱ्याला दूध-तूप बाधत नाही. बाधतं ते खुर्चीवर बसणाऱ्याला." मी गप्प बसले, कारण फोनवर तुमच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण मी राहते तो मुलूखच या बोलण्याचं उत्तर आहे, ते जरा सविस्तर सांगते.

हा उत्तर कारेलिया, रशियाच्या हद्दीला लागलेला. जिकडं बघावं तिकडं जंगल आणि तळी. महायुद्धानंतर सैनिकांना आणि विस्थापितांना सरकारने जमिनी दिल्या. त्यांनी झाडं तोडून शेतं काढली, गाई पाळल्या. उन्हाळ्यात शेती आणि हिवाळ्यात गुडघाभर बर्फात लाकूडतोड, असा त्यांचा क्रम. कष्टात आपल्या घरातलं कुणी त्यांच्या जवळपास जाईल असं मला वाटत नाही. तुम्हीही नाही, आबा, राग मानू नका.

आणि हेच लोक पन्नाशीच्या आत छातीला हात लावून मरत होते. १९५०च्या दशकाच्या शेवटी अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांतल्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. फिनलंड, ग्रीस, इटली, जपान असे देश होते. हृदयविकारात पूर्व फिनलंड सगळ्यांच्या वर निघाला आणि ग्रीसचं क्रीट बेट सगळ्यांत खाली. गंमत म्हणजे क्रीटचे लोकही काही कोरडं खाणारे नव्हते. भरपूर तेल खायचे, पण ते ऑलिव्हचं. इथल्यांच्या ताटात होतं लोणी, साय न काढलेलं दूध, डुकराचं चरबीदार मांस आणि मीठ लावून टिकवलेले मासे. भाजीपाला म्हणजे जनावरांचा चारा. दहातले नऊ जण पावाला लोणी लावून खायचे. युद्धात उपासमार पाहिलेल्या माणसांना पावावरचा लोण्याचा जाड थर म्हणजे घरात लक्ष्मी असल्याची खूण वाटायची, आणि ते मला अगदी कळतं. आपल्याकडे नाही का, पाहुण्याच्या भातावर तूप कमी पडलं तर आजीला रात्रभर झोप यायची नाही.

आकडे तुमच्या रिपोर्टच्या भाषेत सांगते. १९७२ साली इथल्या पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल २६५च्या वर होतं. सरासरी बरं का, आजाऱ्यांचं नव्हे! निम्मे पुरुष सिगारेट ओढत होते. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दर लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे ६७० जण हृदयविकाराने जात होते. २००६पर्यंत हा आकडा शंभराच्या आसपास आला. म्हणजे जिथं सात तिरड्या उठायच्या तिथं एक.

हे झालं कसं? १९७१च्या जानेवारीत इथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला की आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. पुढच्या वर्षी प्रकल्प सुरू झाला आणि त्याची सूत्रं पेक्का पुस्का नावाच्या अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे दिली. त्याने ओळखलं की दवाखान्यात आलेल्याला दटावून काही होणार नाही. दटावलेला माणूस घरी जाऊन तेच खातो, कारण घरात तेच शिजलेलं असतं. म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला.

इथं मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे, गावोगाव शाखा असलेली. आपल्या बचत गटासारखीच, फक्त पैशांऐवजी शेती-स्वयंपाकाचं शिकवणारी. पुस्काने त्यांना हाताशी धरलं. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्या वेळी त्या नवी नवरी होत्या. त्यांनी मला कारेलियन रस्सा शिकवला. मातीच्या भांड्यात गाईच्या आणि डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे, पाणी, मीठ, दोन-चार मिरी, आणि भट्टी निवत आली की रात्रभर तिच्यात ठेवून द्यायचं. सकाळी वर बोटभर चरबी गोठलेली असायची, ती पावाने पुसून खायची. मार्थाच्या बायकांनी याच रश्शातलं मांस कमी केलं, गाजर, बटाटा आणि सलगमसारखा एक पिवळा कंद घातला, मीठ उतरवलं. मग गावाच्या सभागृहात सगळ्यांना जेवायला बोलावून हाच रस्सा वाढला. आजींचा नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, "हे गाईला घाल." पण दुसरं काही शिजवलेलंच नव्हतं! शेजाऱ्याच्या घरीही तेच. बोलून बोलून किती बोलणार?

आई, माझं सगळं पत्र या एका गोष्टीसाठी आहे. तू आबांसाठी वेगळं अळणी शिजवतेस आणि बाकीच्यांना नेहमीचं वाढतेस, ते बंद कर. समोर दादा तवंग आलेला तांबडा रस्सा ओरपतोय आणि आबांच्या ताटात उकडलेला दुधी, ही शिक्षा झाली. आबा दोन महिने सोसतील आणि तिसऱ्या महिन्यात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दुधाचा पेला लावतील. (लावतातच, मला कळलंय.) सगळ्यांसाठी एकच शिजव, थोडं कमी तेलाचं, थोडं कमी मिठाचं. दादाची चाळिशी आलीच आहे, त्यालाही तेच हवं.

आबा, तुम्हाला एक गोष्ट खास आवडेल. इथंही दूधवाले शेतकरी आणि डेऱ्या सुरुवातीला खवळल्या होत्या. लोणी वाईट म्हणणं म्हणजे आमच्या पोटावर पाय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. संकलन केंद्रावर फॅटचा आकडा कमी लागला की तुम्ही कसं भांडता? तसंच इथंही दुधाचा भाव फॅटवर होता. पुढे तो प्रथिनांवर धरू लागले. डेऱ्या कमी सायीचं दूध विकायला लागल्या, थंडीत तग धरणाऱ्या मोहरीसारख्या पिकाचं तेल देशातच निघायला लागलं, काही शेतकरी बेरी लावू लागले. शेतकऱ्याला दुसरी वाट दिली तेव्हा कुठं लोणी मागे पडलं. नुसत्या उपदेशावर कुणी आपली गाय विकत नाही.

सगळं श्रेय एकट्या पुस्काला देऊ नये, हेही सांगते. शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेसाठी ठेवला होता, तिथंही मृत्यू घटले, कारण टीव्ही आणि डेऱ्या प्रांताची हद्द ओळखत नाहीत. पुढे औषधं आणि ऑपरेशनंही आली. त्यामुळे आबा, हे वाचून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि लोकांची सवय कायमची सुधारते असंही नाही. २००७नंतर इथं लोणी पुन्हा फॅशनमध्ये आलं आणि २०१२च्या पाहणीत कोलेस्टेरॉल परत थोडं चढलेलं निघालं.

आपलं दुखणं हुबेहूब यांच्यासारखं नाही. आपल्याकडे साखरेचा आजार आधी येतो, आणि बारीक माणसालाही येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तपासली होती. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण वजनाने एवढी कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे "मी काटक आहे, मला काय होतंय" हा आपल्या घराण्याचा मंत्र फारसा कामाचा नाही. आबा, तुमचे हातपाय काटक आहेत, पण पोटाचं काय? गेल्या वर्षीचा पट्टा आता कुठल्या भोकात बसतो ते बघा. भाताची दुसरी वाढणी आणि चहातली साखर हे तुपाच्या बरोबरीने धरा.

मिठाचं मात्र इथलंच गणित आपल्याला लागू. सत्तरच्या दशकात हे लोक दिवसाला माणशी १४ ग्रॅमच्या आसपास मीठ खायचे. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या घरात सहा माणसं, तेव्हा महिन्याला नऊशे ग्रॅम झालं. एक पुडासुद्धा संपायला नको, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा, फरसाण सगळं आलं. वहिनीला विचार महिन्याला किती पुडे लागतात. एकदम तोडू नकोस, कुणी जेवणार नाही. दर पंधरवड्याला चिमूटभर कमी कर, जिभेला कळणारही नाही. ताटात डावीकडे मीठ वाढणं मात्र आजपासून बंद.

इथं साडेतीनलाच काळोख होतो, पण तब्येत ठीक आहे. विद्यापीठाच्या खानावळीत अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीने भरायची पद्धत आहे. मी ठेचा नेते बरोबर, अगदी कबूल.

बाळूला आशीर्वाद. वहिनीला नमस्कार.

तुमची,
वैशू

ता. क. हे दादासाठी. या प्रकल्पात सिगारेट सोडण्याच्या स्पर्धा लावायचे. ठरलेल्या मुदतीत एकदाही न ओढणाऱ्यांमधून चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचे. तू मळलेली तंबाखू चार आठवडे सोडून दाखव, चिठ्ठी वगैरे काही नाही, तुला हवा तो मोबाईल माझ्याकडून. साक्षीदार वहिनी. तिची सही लागेल.