श्वासनलिका मागे कधी सरकली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत डोकं आणि मानेच्या रचनेवर अर्धं पान आलं. चित्र रंगीत, छपाई झकास, अभिनंदन. फक्त त्यात अन्ननलिका पुढं आणि श्वासनलिका मागं, मणक्याला टेकलेली दाखवली आहे. चित्र काढणाऱ्यानं एकदा स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं.

मी डॉक्टर नाही, शिंपी आहे. कॉलरचं माप घेताना टेप कंठमण्याच्या जरा खालून फिरवतो आणि आत दोन बोटं जातील एवढं ढिलं ठेवतो. टेप आवळली तर गिऱ्हाईक "दम कोंडतोय" म्हणतं, "घास अडकतोय" असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही. पुढं काय आहे हे एवढ्यावरूनही कळतं.

तुम्ही म्हणाल, लेबलं इकडची तिकडं झाली, त्यात एवढं काय? सांगतो. आमच्या आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा जिल्ह्याच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. गिळताना त्रास होईल, निजवून काही पाजू नका, हे आम्हाला कोणी बजावलं नाही. भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं "ओठ वाळलेत की बिचाऱ्याचे" म्हणत आडव्या आबांच्या तोंडात शहाळ्याचं पाणी सोडलं. असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. त्यावर दुसरे पाहुणे म्हणतात, "गावाकडं कुणी तरी आठवण काढली असंल!" आठवण कसली, पाणी फुप्फुसात उतरलं होतं. पुढं न्यूमोनिया झाला.

रात्रपाळीच्या सिस्टरांनी मग नाकातून नळी घातली आणि माझं बोट धरून माझ्याच गळ्यावर फिरवलं. कंठमण्याच्या खाली कड्या लागतात त्या श्वासनलिकेच्या. त्या मागून उघड्या असतात. तिथल्या मऊ बाजूला लागून अन्ननलिका उतरते. मला आवंढा गिळायला लावला, तर कंठमणी वर चढून परत खाली आला. तो वर चढतो तेव्हा श्वासनलिकेचं तोंड मिटतं आणि घास मागच्या वाटेनं जातो. आबांचं ते वेळेवर मिटत नव्हतं. बसवून, हनुवटी छातीकडं झुकवून, थोडं थोडं द्यायचं, तेही डॉक्टर हो म्हणाले की मगच. हे पाच मिनिटांत समजलं. तुमच्या अर्ध्या पानात यातलं काही नाही. उलट "घशात अडकल्यास त्वरित पाणी पाजावे" हे ठळक अक्षरात! अहो, माणूस खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच बंद झाला तर पुढं वाकवून पाठीत जोरात थापा मारायच्या आणि कोणाला तरी हाक मारायची. पाण्याचा ग्लास घेऊन धावायचं नाही.

मानेत आठ मणके हाही शोध नवाच. मणके सातच असतात, मज्जातंतूंच्या जोड्या आठ. मशीनवर वाकून माझी मान धरते, म्हणून एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी बोट ठेवून मोजून दाखवले होते. लेखकांकडं एखादा जास्तीचा असेल तर माहीत नाही.

आणि त्याच पानाच्या तळाला पानमसाल्याची हीरोवाली जाहिरात! वर जबड्याचं चित्र, खाली जबडा आखडवायची सोय. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणतात. आमच्या सेलूत लग्नाचे कपडे शिवायला येणाऱ्या पोरांना पुड्या कुठून मिळतात, हे तुमच्या वार्ताहरांना विचारा. काहींच्या तोंडात उभी तीन बोटं जात नाहीत. माप घेताना "वर बघ" म्हटलं की पिचकारी मारायला आधी बाहेर पळतात.

दुरुस्ती छापणार असाल तर राशिभविष्याच्या खाली दोन ओळींत उरकू नका. चित्र नीट करून तेवढ्याच आकारात पुन्हा छापा. माझ्या दुकानात तुमचा पेपर दिवसभर हातोहात फिरतो, आणि कालचं पान एक जण आजारी आईसाठी म्हणून घरी घेऊन गेला आहे. त्याला मी सांगतो, बाकीच्यांना तुम्ही सांगा.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सेलू, जि. परभणी